इंजिनिअरिंग करून पार्किन्सनच्या रिसर्चमध्ये जायचं तर डॉक्टर व्हावंच लागतं का?

सोल्डरवाली: ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन), तिसरं वर्ष. सिग्नल प्रोसेसिंग सोडलं तर बाकी विषयांत जीव रमत नाही. कंपवातासाठी (म्हणजे पार्किन्सनसाठी) डीबीएस, डीप ब्रेन स्टिम्युलेशन करतात ना, मेंदूत इलेक्ट्रोड आणि छातीत पेसमेकरसारखं यंत्र, त्याबद्दल वाचलं आणि आता तेच डोक्यात घोळतंय. यासाठी नीट देऊन पहिल्यापासून सुरू करू का? बाबा म्हणतात आधी हातातली डिग्री पूर्ण कर. दोन्ही केलेलं कोणी असतं का खरंच?

बीटा_बँड: असतं की. स्टॅनफर्डच्या हेलन ब्रॉन्टे-स्टुअर्ट. यॉर्कला गणित-फिजिक्स, मग पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीत बायोइंजिनिअरिंगची मास्टर्स आणि तिथंच एमडी. बोटं किती संथ झालीत हे न्यूरॉलॉजिस्ट एरवी नुसतं बघून शून्य ते चार मार्क देतात, बाईंनी पेशंटला कॉम्प्युटरला जोडलेल्या म्युझिकच्या कीबोर्डवर बोटं मारायला लावली आणि वेग, लय सगळं मोजून काढलं. मला विचारशील तर हेच सगळ्यात भारी.

आणि तुझ्या कामाचं म्हणजे, साधं डीबीएस एकदा सेट केलं की पेशंट झोपलाय का चालतोय काही न बघता तेवढाच करंट देत बसतं. पण त्याच इलेक्ट्रोडमधून सबथॅलॅमिक न्यूक्लियसचा (मेंदूत खोलवर असलेला छोटा भाग) सिग्नलही घेता येतो, कंपवातात तिथं बीटा बँड (साधारण १३ ते ३० हर्ट्झच्या लहरी) चढलेला असतो, गोळी लागू पडली की उतरतो. तो बघून करंट कमीजास्त करायचा, म्हणजे क्लोज्ड लूप. सांगायला सोपं, पण सिग्नल मायक्रोव्होल्टमध्ये आणि शेजारीच तुम्ही व्होल्टचे पल्स मारताय! यावरच्या मोठ्या ट्रायलच्या प्रमुख ब्रॉन्टे-स्टुअर्टच होत्या, फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएची मंजुरी आली.

नाईट_ड्युटी: आपल्याकडचा हिशोब पण सांगा तिला. एमबीबीएस साडेपाच वर्षं, एमडी तीन, मग न्यूरॉलॉजीचं डीएम तीन, मधे एंट्रन्सचे गॅप वेगळे. डीबीएसवाल्या, फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या बेनाबिद सरांकडेही दोन्ही होतं, न्यूरोसर्जन आणि फिजिक्समध्ये डॉक्टरेट. तेव्हा कंपासाठी मेंदूतल्या थॅलॅमसचा छोटा भाग जाळायचे, त्याआधी जागा तपासायला करंट देताना १९८७ मध्ये त्यांना दिसलं की १०० हर्ट्झच्या आसपास कंप थांबतोय. पण म्हणून दोन्ही डिग्र्या पाहिजेतच असं नाही ताई. गेट दे, आयआयटी मुंबईला बायोइंजिनिअरिंग आहे, न्यूरॉलॉजिस्टबरोबर काम कर. (उलटी वाटही आहे, आयआयटी खरगपूरला एमबीबीएसवाल्यांसाठी एमएमएसटी, म्हणजे मेडिकल सायन्स अँड टेक्नॉलॉजीची मास्टर्स.)

उंबरठा: काकांना डीबीएस झालंय. हात छान थांबला, पण दारात आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, मोकळ्या अंगणात मात्र चालतात. हे दवाखान्यात कधी दिसतच नाही. डॉक्टर व्हा नाहीतर इंजिनिअर, घरातलं चालणं मोजणारं काहीतरी करा बुवा.

सोल्डरवाली: @उंबरठा हे फायनल इयर प्रोजेक्टला चालेल का? आयएमयू (हालचाल मोजणारे) सेन्सर पडलेत माझ्याकडे. काकांच्या पायाला लावायला ते तयार होतील का, विचाराल?