मदत हवी आहे : टॅपेस्ट्रीत उभ्या रंगसीमेवर फट राहते

नमस्कार मंडळी. चौकटीच्या मागावर टॅपेस्ट्री, म्हणजे रंगीत धाग्यांनी विणलेलं चित्र, करतेय. ताणा (उभे धागे) सुती, इंचाला 8 धागे, बाणा (आडवा धागा) लोकरीचा. चित्राचा कागद मागे धरून रेषा ताण्यावर शाईने उतरवल्यात. बाणा कमानीसारखा सैल टाकून मग फणीने ठोकते, त्यामुळे कडा आत ओढल्या जात नाहीत.

अडलंय ते झाडाच्या खोडापाशी. प्रत्येक रंगाचा बाणा आपल्या भागापुरता जाऊन मागे वळतो, हीच तर या विणीची गंमत! पण खोड सरळ उभं आहे. खोडाचा तपकिरी आणि आकाशाचा निळा शेजारशेजारच्या ताण्यांवरून परत फिरतात नि मध्ये लांबच लांब फट पडते. दोन्ही बाणे एकमेकांत अडकवले तर फट मिटते, पण तिथे उंचवटा येतो आणि खोडाची कड दातेरी दिसते. मला ती कड स्वच्छच हवी आहे.

फट ठेवून नंतर मागून शिवावी का? शिवायची तर धागा सुती घ्यावा की लोकरीचा? की चित्र आडवं करून विणू, म्हणजे खोडाची कड मागावर आडवी येईल नि तिथे फट पडणार नाही? जुन्या युरोपीय टॅपेस्ट्री बऱ्याचदा तशाच विणलेल्या आहेत. पण मग क्षितिजाच्या रेषेवर फटी येतील, आणि टांगल्यावर वजनाने त्या उघडतील ना?

कुणी दोन्ही प्रकारे विणलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.