कोथिंबीर धुण्याच्या पाण्यात विषाणू शोधावेत का?

ओढ्याकाठी

पहाटे तीनच्या सुमारास आमच्या ओढ्यावर टेम्पो लागतो. मुळासकट उपटलेल्या कोथिंबिरीच्या जुड्या दोन-तीनदा पाण्यात आपटून, माती झटकून ओल्याच गोणपाटात भरल्या जातात आणि सहाच्या आत बाजारात पोहोचतात. त्या पाण्याची कोणी तपासणी केलीच, तर ती ई. कोलाय या विष्ठेतून येणाऱ्या जिवाणूपुरती असते. तो सापडला नाही की पाणी चांगले, असे आपण धरून चालतो. माझा आक्षेप याच गृहीतकाला आहे.

१९५५-५६च्या हिवाळ्यात दिल्लीत काय झाले ते आठवावे. नजफगड नाल्याचे सांडपाणी यमुनेत उलटे फिरून वझीराबादच्या उपसा केंद्रापर्यंत गेले. ते लक्षात आल्यावर जलशुद्धीकरण केंद्रावर तुरटी आणि क्लोरीन वाढवण्यात आले. त्यामुळे विषमज्वर व हगवण वाढली नाही, पण कावीळ झालेल्यांची संख्या सुमारे २९,००० झाली. ही कावीळ हिपॅटायटिस-ई विषाणूची होती, हे कित्येक वर्षांनी, जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून कळले. म्हणजे जिवाणूंपुरते पाणी सुधारले होते, विषाणूंपुरते नाही.

भाजीबाबतही उदाहरणे आहेत. २००३ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात मेक्सिकोहून आलेल्या पातीच्या कांद्यातून हिपॅटायटिस-ए पसरला. पाचशेहून अधिक लोक आजारी पडले आणि तिघे दगावले. २०१२ मध्ये जर्मनीत चीनहून आयात केलेल्या गोठवलेल्या स्ट्रॉबेरीतून नोरोव्हायरस या उलट्या-जुलाब घडवणाऱ्या विषाणूची बाधा सुमारे ११,००० जणांना झाली. त्यांत बहुतेक शाळकरी मुले होती. तेव्हा भाजी धुण्याच्या पाण्यात विषाणूंची नियमित तपासणी सुरू व्हावी, असे माझे मत आहे. या चर्चेत आपापल्या टोपणनावाने विरोधी मतेही मांडावीत.

बांधावरून

मी स्वतः कोथिंबीर आणि मेथी पिकवतो, म्हणून स्पष्टच लिहितो. माणसाच्या पोटात वाढणारे हे विषाणू माझ्या वाफ्यात तयार होत नाहीत, ते संडासातून येतात. पुण्याचे सांडपाणी प्रक्रिया करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पाणी उपसण्याच्या विहिरीतून) बेबी कालव्यात सोडले जाते आणि हवेली-दौंडची शेते त्यावर भिजतात. ती प्रक्रिया किती होते, हे कालव्याच्या वासावरून आम्हाला समजते. तपासायचेच असेल, तर ते पाणी जिथून सोडले जाते तिथे तपासावे. जुडी धुणाऱ्याच्या हौदावर येऊन बाटल्या भरून नेणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

शिवाय २००६च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम १८मध्ये शेतकऱ्याला आणि त्याच्या शेतमालाला शेताच्या पातळीवर सूट दिलेली आहे. ती मागच्या दाराने काढून घेण्याची ही सुरुवात असेल, तर माझा विरोध आहे.

पिपेट

मी पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. हेतू योग्य आहे, पण साधन चुकीचे निवडले जात आहे. विषाणू पाण्यात इतके विरळ असतात की कित्येक लिटर पाणी गाळून त्यांना चमचाभर द्रवात गोळा करावे लागते. हौदातल्या गढूळ पाण्यातील, कुजलेल्या पाल्यामातीतून आलेली ह्यूमिक आम्ले नेमकी तिथे आडवी येतात. त्यांच्यामुळे पीसीआरची, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश वाढवून तो ओळखण्याची, प्रक्रिया अडते आणि विषाणू असूनही ‘नाही’ असा निकाल मिळू शकतो. म्हणून प्रत्येक नमुन्यात माहीत असलेला एखादा निरुपद्रवी विषाणू मुद्दाम घालून तो परत किती मिळाला, हे पाहावे लागते. उलट बाजूने, पीसीआर मेलेल्या विषाणूचे तुकडेही मोजतो. क्लोरीनने विषाणू निकामी झाला, तरी यंत्र ‘आहे’ असे सांगू शकते. अशा कागदावर कोणाचा माल अडवणार?

पाण्यात सांडपाणी मिसळल्याचा सूचक म्हणून मिरचीवरच्या एका वनस्पती-विषाणूचे नाव सध्या पुढे येते, कारण मिरची खाणाऱ्या माणसांच्या विष्ठेत तो विपुल असतो. आता ज्या हौदात कोथिंबिरीनंतर हिरव्या मिरच्याच धुतल्या जातात, तिथे तो सापडला तर त्याचा अर्थ काय लावायचा, हे मला कोणी समजावून सांगावे!

माझ्या मते पैसा पाणी बदलण्यावर आणि क्लोरीन मोजण्यावर खर्च करावा. धुण्याने पानावरचे जंतू फार जात नाहीत; पाणी राखले नाही, तर एका जुडीची घाण पुढच्या शंभर जुड्यांना लागते.

ओढ्याकाठी

पिपेट, पीसीआरविषयीचे आपले म्हणणे मान्य, पण त्यातून तपासणीच नको असा निष्कर्ष निघत नाही. पिण्याच्या पाण्याच्या आपल्याच मानकात, आयएस १०५०० मध्ये, एमएस-टू हा सांडपाण्याची खूण मानला जाणारा जिवाणूभक्षी विषाणू एक लिटर पाण्यात नसावा अशी अट आहे आणि तो आढळला तरच पीसीआर करावा असे सांगितले आहे. ही चाचणी पेट्रीबशीत होते आणि त्यात जिवंत विषाणूच दिसतो. हाच क्रम धुण्याच्या पाण्याला लावावा, एवढेच मी म्हणतो.

बांधावरून, शहराने आधी आपले सांडपाणी नीट करावे, हे शंभर टक्के खरे. मात्र सुरुवात वैयक्तिक हौदापासून व्हावी, असे मी म्हटलेलेच नाही. बाजार समितीतील आणि पॅकहाउसमधील धुण्याच्या टाक्या आधी घ्याव्यात. तिथे शेतकऱ्याची सूट आड येत नाही.

पाटावरवंटा

मेथी आपण फोडणीत परततो, पालक शिजवतो. कोथिंबीर आणि पुदिना मात्र चटणीत, कोशिंबिरीत, पाणीपुरीच्या पाण्यात कच्चेच जातात. सगळ्या भाज्यांची चर्चा एकत्र करण्याऐवजी कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पाल्यापुरतीच तपासणी ठेवली, तर खर्चही आवाक्यात राहील.

पिपेट

एमएस-टूच्या पहिल्या पायरीला माझी हरकत नाही. फक्त त्याचा निकाल दुसऱ्या दिवशी मिळतो आणि तोवर जुडी वरणावर पडलेली असते, हे ध्यानात असू द्यावे. म्हणजे ही चाचणी माल अडवण्यासाठी नाही. कोणत्या टाकीला वारंवार सांडपाणी लागते, ते महिनोन्‌महिने नोंदवून ठेवण्यासाठी तिचा उपयोग आहे. हिपॅटायटिस-एची लक्षणे दिसायला १५ ते ५० दिवस लागतात. रुग्णाला दीड महिन्यापूर्वीची चटणी कुठून आठवणार? त्या वेळी ही नोंदच उपयोगी पडेल. मोकळा क्लोरीन आणि सामू मात्र रोज, टाकीपाशीच मोजावेत.

बांधावरून

नोंदीपुरते असेल, तर मी माझा हौदही दाखवायला तयार आहे. सिमेंटचा हौद आहे, पाणी बोअरचे. पहिल्या शंभर जुड्यांपर्यंत तळ दिसतो, तीनशेव्या जुडीला चिखल. टीसीएल (क्लोरीनची) पावडर मी पहाटे एकदाच टाकतो. पिपेट सांगतात ते ऐकून काल ग्रामपंचायतीच्या पाणीवाल्याकडून क्लोरीन तपासायची डबी मागून आणली. टाकल्याबरोबर गडद पिवळा रंग आला, दीडशे जुड्यांनंतर पाणी गाळून पाहिले तर रंगच नाही, म्हणजे क्लोरीन संपलेला. पावडर वाढवली, की व्यापारी वास घेऊन जुडी बाजूला काढतो.

तेव्हा विषाणू नंतर शोधा, आधी मला हे सांगा : मधे एकदा हौद रिकामा करून पुन्हा भरायचा म्हटले, तर पाऊण तास मोटर चालवावी लागते, आणि आमच्याकडे रात्रीची थ्री-फेज वीज आठवड्यातून निम्मेच दिवस असते. त्या उरलेल्या दिवशी काय करू?