मदत हवी आहे: शाळेत फ्रेड हॉइलवर बोलायचंय, वादांचं काय करू?

नमस्कार मंडळी,

विज्ञान दिनाला गावातल्या शाळेत नववीच्या मुलांसमोर ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइलवर अर्धा तास बोलायचं कबूल करून बसलोय. निमित्त अर्थात नारळीकर, केंब्रिजला ते हॉइलचेच विद्यार्थी. मुख्याध्यापकांची अट एकच: "वादबिद नकोत, प्रेरणादायी ठेवा." आता हॉइलमधून वाद वजा केले तर उरतं काय?

कार्बनचंच घ्या. ताऱ्याच्या पोटात हेलियमची तीन केंद्रकं जुळून पुरेसा कार्बन व्हायचा, तर कार्बनच्या केंद्रकाला ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास एक ऊर्जापातळी असायलाच हवी, असं हॉइलनी १९५३ मध्ये कॅलिफोर्नियात भौतिकशास्त्रज्ञ विल्यम फाउलरच्या प्रयोगशाळेत जाऊन सांगितलं. आधार काय, तर विश्वात एवढा कार्बन आहे म्हणजे तो कुठेतरी शिजत असणार! तिथल्या लोकांनी शोधलं आणि पातळी सापडली.

हाच माणूस पुढे म्हणतो की फ्लूचे विषाणू अंतराळातून येतात. १९८५ मध्ये तर लंडनच्या संग्रहालयातला आर्किऑप्टेरिक्स (पिसं असलेल्या आदिम पक्ष्याचा जीवाश्म) बनावट आहे, पिसांचे ठसे मागाहून लेप देऊन उठवलेत, असा आरोप. संग्रहालयाने जीवाश्माच्या दोन्ही फरशांवरच्या, पिसांच्या ठशांतून जाणाऱ्या केसाएवढ्या भेगा तंतोतंत जुळवून दाखवल्या. खेळ खलास. मला विचाराल तर हट्ट दोन्हीकडे तोच आहे.

विश्वाच्या सुरुवातीच्या महास्फोटाला 'बिग बँग' हे नाव १९४९ साली बीबीसी रेडिओवर त्यांनीच दिलं आणि तो सिद्धांत शेवटपर्यंत मानला नाही, हे मुलांना आवडेल. त्यांचा स्वतःचा सिद्धांत होता स्थिर स्थितीचा: विश्वाला सुरुवातच नाही. १९६५ मध्ये विश्वातलं पार्श्वभूमी प्रारण, म्हणजे बिग बँगचा मोठा पुरावा, सापडल्यावरही माघार नाही. १९९३ मध्ये नारळीकर आणि खगोलशास्त्रज्ञ बर्बिजना घेऊन आपल्याच सिद्धांताची सुधारित आवृत्ती काढली.

आता अडलेल्या गोष्टी:

१) १९८३ चं नोबेल फाउलर आणि चंद्रशेखरांना मिळालं, हॉइल बाहेर. पल्सार तारे शोधणाऱ्या जोसेलिन बेलला १९७४ च्या नोबेलमध्ये डावललं म्हणून ते जाहीर बोलले होते, त्याचा हा राग, असं म्हणतात. समितीचे कागद ५० वर्षं बंद, म्हणजे तूर्त कुजबुजच. नववीत सांगावी का?

२) केंद्रकाची ऊर्जापातळी झोपाळ्याच्या अनुनादावरून (ठरावीक लयीत ढकललं की झोका वाढत जातो, त्यावरून) समजावली तर चालेल का? वर्गात करून दाखवता येईल असं आणखी काही?

३) आर्किऑप्टेरिक्स आधी घ्यावा की कार्बन? आधी घेतला तर पोरं हसतील आणि पुढचं ऐकणार नाहीत, अशी धास्ती आहे.

शिक्षक मंडळींनी जरूर लिहा. मुख्याध्यापकांना कसं पटवायचं तेही सांगितलंत तर दुधात साखर.