कृष्णाकाठची वाट आणि मोकळे सोडलेले कुत्रे

माहुलीचा बागायतदार: कृष्णा-वेण्णेच्या संगमापासून नदीकाठाने खाली चालत जावे, घाट मागे पडताच कुत्र्याचा पट्टा सोडावा, कारण बांध आणि पाणंद, म्हणजे शेतांमधून जाणारी गावची वाट, सर्वांचीच असते, असे काल एकाने लिहिले आणि अनेकांनी त्याची वाहवा केली. त्या वाटेला लागून माझा ऊस आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मागच्या माघात असेच एक मोकळे कुत्रे माझ्या शेळ्यांवर धावून आले. ते चावले नाही, हे मान्य. पण चार महिन्यांची गाभण शेळी दाव्याला हिसके देत पडली आणि दुसऱ्या दिवशी गाभडली. "तो फक्त खेळतो," एवढे सांगून मालक निघून गेले. दिवाळीनंतर माणदेशाकडचे मेंढपाळ आमच्या रानात मेंढ्या बसवतात, तोडणीच्या दिवसांत मजुरांची लेकरे खोपीबाहेर खेळत असतात. त्यांनी तुमच्या कुत्र्याचा स्वभाव कसा ओळखावा?

सातारकर श्वानपालक: ते लिखाण माझेच आहे. शेळीचे वाचून वाईट वाटले, परंतु एकाच्या बेपर्वाईचा दंड सर्वांना का? माझी कारवानी जातीची शिकारी कुत्री पळायला मिळाले नाही तर अन्न सोडते आणि शहरात तिला पळण्याजोगी जागा उरलेली नाही. ज्या संगमावर साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांना वाघापासून वाचवणाऱ्या खंड्या कुत्र्याची समाधी लोक आजही दाखवतात, तेथेच कुत्र्याला मज्जाव व्हावा, हे मला पटत नाही. शिवाय पाणंद सरकारी आहे. तुमची परवानगी कशाला?

निवृत्त तलाठी: बांध आणि पाणंद यांची गल्लत करू नका. गाव नकाशावर दुहेरी तुटक रेषांनी दाखवलेली गाडीवाट आणि एकेरी तुटक रेषेची पायवाट सर्वांना खुली असते. बांधाचे तसे नाही. १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमातील कलम १४३ बांधावरून वाट देते, ती स्वतःच्या शेतात जाणाऱ्या खातेदाराला. फिरायला आलेल्याला नव्हे.

माहुलीचा बागायतदार: नकाशावरची पाणंद जागेवर आहे कोठे? दोन्ही अंगांनी नांगर सरकत गेला आणि जेथून बैलगाडी जात होती तेथून आता सायकलही जात नाही. आमच्या घराने त्या वाटेसाठी तहसील कचेरीत नऊ वर्षे खेटे घातले आहेत.

शेजारच्या शिवारातला खातेदार: नांगर कोणाचा सरकला, तेही लिहा. तुमच्या उसाची शेवटची सरी पाणंदीत आहे, हे सारी भावकी जाणते. माझ्या आईला आजारपणात खाटेवर घालून रस्त्यापर्यंत न्यावे लागले, कारण गाडी आत येऊ शकली नाही.

माहुलीचा बागायतदार: मोजणी आणा. माझ्याकडे एक फूट निघाला, तर उभा ऊस मी स्वतः तोडीन. आईचे नाव घेऊन मला बोल लावू नका; त्या खाटेला माझाही खांदा होता.

भिलवडीची वाचक: भावकीचा वाद कचेरीत होईल, कुत्र्याचे काय ते बोला. आमच्या भिलवडी-औदुंबर पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत. आमचा काळू काठावर पाणी प्यायला वाकला आणि माझ्या डोळ्यांदेखत मगरीने ओढून नेला. तेव्हा तो मोकळा होता. दोरी हातात असती तर मी त्याला पाण्यापर्यंत जाऊच दिले नसते. हे मी सहा वर्षे मनात धरून आहे.

सातारकर श्वानपालक: काळूचे वाचून बराच वेळ काही लिहिता आले नाही. बांधाबाबत माझे चुकले, ते वाक्य काढतो. पाणंदीवरचा चालण्याचा हक्क मात्र सोडणार नाही. एक गोष्ट मी कालच्या लिखाणात सांगितली नव्हती: कार्तिकात माझी कुत्री सशामागे उसात शिरली आणि अर्धा तास हाका मारूनही आली नाही. तिच्या गळ्यात दोरी राहील.

माहुलीचा बागायतदार: दोरी असेल तर पाणंदीवर मी अडवणार नाही. फाल्गुनात ऊस तुटला की नदीकडचे रान मोडायचे आहे, यंदा बुडखे राखून खोडव्याचे दुसरे पीक घेणार नाही. नांगरटीपर्यंत तेथे तिला पळवा. येण्याआधी कळवा, म्हणजे शेळ्या आत बांधतो.