फुली दाबली तरी ते 'हो' समजतात का?

अक्षरजुळणी_बार्शी:

नमस्कार मंडळी. बार्शीत माझं डीटीपीचं दुकान आहे, १९ वर्षं झाली. लग्नपत्रिका, दहाव्याची पत्रकं, पतसंस्थांचे अहवाल, वाढदिवसाचे फ्लेक्स. काउंटरवरच्या मशिनवर विंडोज १० आहे, प्रोसेसर आय-थ्री, सातव्या पिढीचा. त्यावर पानं जुळवायला पेजमेकर ७, श्रीलिपीचे जुने मराठी फॉन्ट आणि मागे खोचलेलं डोंगल, म्हणजे ते सॉफ्टवेअर चालवायची किल्ली. घर त्या डोंगलवर चालतं, म्हणून चाललंय त्याला हात लावायचा नाही हा दुकानाचा नियम.

महिनाभर झालं, उजव्या कोपऱ्यात खालून एक चौकट वर येते. मजकूर इंग्रजीत, अर्थ असा की तुमचं विंडोज १० आता धोक्यात आहे, विंडोज ११ मोफत तयार आहे, लगेच घ्या. दोन बटणं. एक 'आत्ता', दुसरं 'आज रात्री'. 'नको' हे बटणच नाही! वर कोपऱ्यात मुंगीएवढी फुली.

आता फुली म्हणजे नाही, हे शाळेपासून डोक्यात बसलेलं. गणित चुकलं की गुरुजी फुली मारायचे. प्रुफातसुद्धा फुली मारली की ती ओळ गेली. पण पुण्याला शिकणारा पुतण्या म्हणतो, "काका, फुलीवर भरवसा ठेवू नका, फुली दाबली तरी ते हो समजतात, पूर्वी झालंय तसं." हे खरं आहे की पोरगं घाबरवतंय?

विचारायचं कारण, मागच्या मंगळवारी दुकानातल्या पोराने ती चौकट दाबली. सगळा स्क्रीन लाल, भोंगा वाजायला लागला, एक बाई इंग्रजीत सांगतेय की कॉम्प्युटर बंद करू नका, आणि खाली फोन नंबर. पोराने घाबरून फोन लावला. पलीकडचा माणूस हिंदीत गोड बोलला, एक ॲप टाकायला लावलं, मग माऊसचा बाण आपोआप फिरायला लागला. शेवटी ४,९०० रुपये मागितले तेव्हा वायर उपटली. परत चालू केल्यावर पेजमेकर उघडला, देव पावला. इथला एक हार्डवेअरवाला म्हणतो की मशिनच बदला, ४२ हजार होतील. तुळशीचं लग्न होऊन हंगाम सुरू झालाय आणि ४२ हजार कुठून काढू?

मला एवढंच सांगा. ही चौकट नेमकी कोणाची, आणि ती घालवायला दाबायचं काय?

—

जुना_सिस्टमवाला:

दादा, पुतण्या बरोबर सांगतोय. गोष्ट २०१५-१६ ची आहे आणि ती अस्सल मायक्रोसॉफ्टची होती, भामट्यांची नव्हे.

विंडोज १० आलं २९ जुलै २०१५ ला. ७ आणि ८.१ वाल्यांना वर्षभर फुकट. त्याआधीच नेहमीच्या अपडेटमधून एक छोटा प्रोग्राम मशिनवर उतरवला होता, केबी ३०३५५८३. घड्याळाशेजारी पांढरी खिडकी दिसायची, आठवत असेल. सुरुवातीला नुसती आठवण करून द्यायचा. मग बटणं झाली 'आत्ता' आणि 'आज रात्री', हुबेहूब तुमच्या चौकटीसारखी. म्हणून वाचताना दचकलो. कित्येकांच्या मशिनवर तर न विचारता काही जीबी आधीच उतरवून ठेवले होते, आणि तेव्हा आपल्याकडे जीबी मोजून विकत घ्यायचो आपण.

फुलीचा प्रकार मे २०१६ चा. चौकट सांगायची की अमुक दिवशी अमुक वाजता तुमचं अपग्रेड होईल. लोकांनी फुली दाबून ती बंद केली. कंपनीच्या लेखी त्याचा अर्थ झाला 'वाचलं, वेळ मान्य आहे'. रद्द करायचं असेल तर मजकुराच्या पोटात 'इथे' असा एक शब्द होता, त्यावर दाबायचं. म्हणजे गुरुजींनी फुली मारायची आणि विद्यार्थ्याने ती बरोबरची खूण म्हणून मोजायची.

त्याच सुमारास अमेरिकेत आयोवातल्या एका टीव्ही वाहिनीवर हवामानाच्या बातम्या थेट चालू असताना नकाशावर ही चौकट उगवली होती. निवेदिका बिचारी हसत हसत सावरून गेली. सगळ्यांना हसण्यावारी नेता आलं नाही. कॅलिफोर्नियातल्या सॉसॅलिटो गावच्या एका ट्रॅव्हल एजंट बाईचं म्हणणं होतं की मी होकार दिलाच नाही, तरी अपग्रेड सुरू झालं, ते फसलं आणि मशिन दिवसेंदिवस कामाचं राहिलं नाही. ती कोर्टात गेली आणि १०,००० डॉलर मिळवले. कंपनीने चूक कबूल केली नाही, पुढचा खर्च टाळायचाय म्हणून अपील सोडून दिलं. जूनअखेरीस चौकटीत सरळ नकाराची सोय आली. आणि डिसेंबर २०१६ मध्ये कंपनीचे मार्केटिंग प्रमुख क्रिस कपोसेला एका पॉडकास्टवर बोलले की फुलीच्या बाबतीत आम्ही मर्यादा ओलांडली.

मी तेव्हा एका कारखान्यात ६० मशिन सांभाळत होतो. ते वर्ष विसरणं नाही.

—

मेघना_कोथरूड:

वरचा इतिहास सगळा बरोबर, पण काका, तुमची चौकट मायक्रोसॉफ्टची नाही. ते तुमच्याच पोस्टमध्ये लिहिलंय.

विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. सातव्या पिढीतले मोजके अपवाद आहेत, आय-थ्री त्यात नाही. म्हणजे खरं विंडोज तुमच्या मशिनला '११ मोफत तयार आहे' असं म्हणणारच नाही, उलट हे मशिन पात्र नाही म्हणून सांगेल. दुसरी खूण फोन नंबरची. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीही नसतो. नंबर दिसला की विषय संपला.

कोपऱ्यातून वर येणारी ती चौकट बहुतेक क्रोमची सूचना आहे. कुठल्या तरी साइटवर 'अलाऊ' दाबलं गेलं असणार, तेव्हापासून ती साइट बंद असली तरी सूचना पाठवत राहते. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथून साइट सेटिंग्ज, तिथून नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्या साइटची यादी दिसेल. ओळखीची नसेल ती काढून टाका. लाल स्क्रीन पुन्हा आला तर त्यातलं काहीच दाबू नका, फुलीसुद्धा नाही, कारण ती फुली पण त्यांनीच काढलेली असते. एस्केप दाबून धरा. नाहीच गेलं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप, टास्क मॅनेजरमधून क्रोम बंद.

आणि मशिन बदलायच्या आधी हे सांगा. ते रिमोटचं ॲप अजून आहे का? त्या वेळी बँकेचं पान उघडं होतं का? ओटीपी सांगितला का? पैसे गेले असतील तर १९३० वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, जितक्या लवकर तितकं बरं.

—

अक्षरजुळणी_बार्शी:

मेघनाताई, यादी उघडली. २३ साइट! त्यातल्या दोन ओळखीच्या, एक बँक, एक वर्तमानपत्र. बाकी सगळ्या गणपतीची चित्रं आणि पत्रिकेच्या बॉर्डर फुकट उतरवायच्या. तिथे 'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करायला अलाऊ दाबा' असं येतं आणि आम्ही दाबत आलो. सगळ्या काढल्या. कालपासून चौकट आलेली नाही.

रिमोटचं ॲप होतं, काढलं. बँकेचं पान उघडं नव्हतं. पैसे गेले नाहीत.

आणि एक गोष्ट दुरुस्त करतो. पोरगं तेव्हा चहा सांगायला गेलं होतं. दाबलं मी, फोनही मीच लावला. १९ वर्षं लोकांच्या पत्रिकेतल्या चुका काढतोय, त्यामुळे लिहिताना हात आखडला. फोनवरचा मला 'अंकल' म्हणत होता आणि २० मिनिटं मी त्याला 'हां बेटा, हां बेटा' करत होतो.

त्या बटणांवर 'आत्ता' आणि 'आज रात्री' का होतं ते आता कळलं. खऱ्याचीच नक्कल मारलीय.

—

ग्राहक_हक्क_सोलापूर:

आपल्याकडे याला नियम आहे, थोडक्यात सांगतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नबद्दल, म्हणजे स्क्रीनवर गिऱ्हाइकाला फसवून हवं ते करायला लावण्याच्या युक्त्यांबद्दल, मार्गदर्शक तत्त्वं काढली. १३ प्रकार दिलेत. खोटी घाई, पिच्छा पुरवणं, फसवा प्रश्न, आणि व्हायरस आहे असं भासवून खोटं सॉफ्टवेअर गळ्यात मारणं, हे सगळं त्यात आहे. ग्राहक हेल्पलाइन १९१५. पण लाल स्क्रीनवाल्याचा पत्ता कोणाकडे आहे? तो सायबर पोलिसांचा विषय, १९१५ चा नाही. नियमाचा उपयोग झाला तर बोर्ड लावून धंदा करणाऱ्यांवर.

—

जुना_सिस्टमवाला:

दादा, ४२ हजारांचं आधी बोलू. घाई नको, पण हातावर हात ठेवूनही बसू नका. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला खरंच संपला. घरगुती मशिनला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळवता येतात. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीची लिंक दिसते. मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यावर ठेवला तर पैसे पडत नाहीत. अपग्रेडबद्दल जे काही खरं असेल ते त्याच पानावर दिसतं. कोपऱ्यात काहीही उगवलं तरी ते बंद करून तिथे जाऊन बघायचं.

मी तुमच्या जागी असतो तर पेजमेकरच्या मशिनची इंटरनेटची वायरच काढली असती. फायली पेनड्राइव्हने दुसऱ्या मशिनवर, ईमेल आणि व्हॉट्सॲप तिथे. डिस्कची अख्खी इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, एकदा बाहेरच्या हार्डडिस्कवर काढून ठेवा. दुसरं मशिन कुठल्या पिढीचं?

—

अक्षरजुळणी_बार्शी:

दुसरं दहाव्या पिढीचं, आय-फाइव्ह. त्यावर ११ ची चौकट येते ती मग खरीच म्हणायची का?

—

मेघना_कोथरूड:

विंडोज अपडेटच्या पानावर दिसत असेल तर खरी. घेतलंत आणि नाही जमलं तर पहिल्या १० दिवसांत मागे फिरता येतं, सिस्टममध्ये रिकव्हरी, तिथे 'गो बॅक'. मात्र प्रिंटर ११ वर चालतो का ते आधी बघा. आणि आत्ता घ्यायचंच नसेल तर स्टीव्ह गिब्सन या अमेरिकन प्रोग्रामरचं इनकंट्रोल नावाचं छोटं फुकट साधन आहे, ते आहे त्या आवृत्तीवर खुंटी मारून ठेवतं. २०१६ च्या गोंधळात विंडोज १० ला अडवणारं नेव्हर टेन त्यांनीच काढलं होतं.

—

अक्षरजुळणी_बार्शी:

खुंटी मारतो. ११ चं अक्षयतृतीयेचा हंगाम उरकला की बघू. पेजमेकरची वायर आत्ताच काढली, पोरगं विचारतंय व्हॉट्सॲप का बंद. तुमचं सगळ्यांचं काम निघालं तर पत्रिका माझ्याकडून, पैसे नाही घेणार. येतो, गिऱ्हाईक उभंय, मुहूर्ताच्या १२:३५ चे १२:५३ झालेत.