प्रोस्टेटचा एमआरआय: वीस मिनिटांनंतर पेशंट हलायला लागतो

प्रश्न – बोअर७०
मशीन ३ टेस्लाचं, पूर्ण मल्टिपॅरामेट्रिक प्रोटोकॉल (रचना दाखवणारं टी२, पाण्याच्या कणांची हालचाल टिपणारं डिफ्युजन आणि शिरेतून कॉन्ट्रास्ट देऊन घेतलेल्या इमेज) ४० मिनिटांचा. निम्म्यावर पेशंटची चुळबुळ सुरू होते आणि पुढच्या इमेज हलतात. एंडोरेक्टल कॉइल (रेक्टममध्ये, म्हणजे गुदाशयात, घालून फुगवायची) अजून वापरात आहे, सगळ्यात जास्त तक्रारी तिच्याच. आधी काय बदलावं?

टी२_अ‍ॅक्सियल
आधी ती कॉइल काढा. ३ टेस्लावर, बाहेरून ओटीपोटावर ठेवायच्या पेल्व्हिक फेज्ड-अरे कॉइलवर काम भागतं. फुग्यात ६०-८० मिली हवा भरली की प्रोस्टेट चेपते आणि त्याच हवेमुळे डिफ्युजन वेडंवाकडं येतं. पेशंटला त्रास देऊन वर इमेजही बिघडवायची!

फुगा गेला तरी रेक्टममधला गॅस हाच खोडा घालतो. एनिमा काही तास आधीच द्या. अगदी तोंडावर दिला तर आतडं उलट जास्त हलतं. टेबलावर घेण्याआधी लघवी-संडासला जाऊन यायला सांगा. सॅजायटल (बाजूने दिसणाऱ्या) टी२मध्ये प्रोस्टेटच्या मागे गॅसचा काळा फुगा दिसला, तर डिफ्युजन लावूच नका. पेशंटला उठवून पुन्हा संडासला पाठवा. पाच मिनिटं जातील, पण स्कॅन वाचेल.

शांतगँट्री
पाय आधी आत घ्या, म्हणजे डोकं बोअरच्या (मशीनच्या बोगद्याच्या) तोंडाशी राहतं. गुडघ्यांखाली जाड उशी हवीच, नाहीतर पाठ अवघडते आणि पेशंट कंबर उचलतो. हात छातीवर, पण बोटं एकमेकांत गुंतवलेली नकोत आणि मांड्यांमध्ये पॅड ठेवा. कातडीला कातडी लागून विजेच्या प्रवाहाचा वळसा तयार झाला की भाजू शकतं. इअरप्लग आणि वर हेडफोन, दोन्ही द्या. डिफ्युजनला टेबल थरथरतं, हे आधीच सांगितलं की दचकत नाहीत.

आतड्याची हालचाल थांबवायला हायोसिन ब्युटिलब्रोमाइड २० मिग्रॅ, टी२च्या जरा आधी शिरेतून सावकाश. काचबिंदू, मायस्थेनिया (स्नायू दुबळे होण्याचा आजार), हृदयाचे जलद ठोके हे आधी विचारा. नंतर नजर धूसर होते. ती साफ होईपर्यंत गाडी चालवायची नाही.

बोअर७०
कॉन्ट्रास्ट वगळला तर?

टी२_अ‍ॅक्सियल
बायपॅरामेट्रिक म्हणजे फक्त टी२ आणि डिफ्युजन, साधारण पंधरा मिनिटं. २०२५मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राइम चाचणीत महत्त्वाचे कॅन्सर शोधण्यात तो पूर्ण प्रोटोकॉलच्या मागे पडला नाही. पण अट एकच: दोन्ही सीरिज स्वच्छ हव्यात. खुब्याचा धातूचा सांधा बसवलेल्यांचं डिफ्युजन हमखास बिघडतं, त्यांना मात्र कॉन्ट्रास्ट ठेवा.