वुडस्टॉक १९६९ : पंडितजींची सतार आणि न उभारलेले कुंपण

सप्रेम नमस्कार.
पंडित रविशंकर यांनी अमेरिकेतल्या १९६९ च्या वुडस्टॉक संगीत महोत्सवात सतार वाजवली होती, असे मी वडीलधाऱ्यांकडून ऐकत आलो आहे. हा महोत्सव वुडस्टॉक गावातच भरला आणि आयोजकांनी तो उदार मनाने विनामूल्य ठेवला, असेही सांगितले जाते. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.
आपला, एक सभासद

सप्रेम नमस्कार.
पंडितजींबद्दल आपण ऐकलेत ते खरे आहे. बाकी दोन्ही गोष्टी मात्र दुरुस्त करायला हव्यात. नाव वुडस्टॉकचे असले, तरी महोत्सव भरला तो न्यूयॉर्क राज्यातल्याच बेथेल येथे, मॅक्स यास्गर या दूध उत्पादकाच्या शेतावर, १५ ते १८ ऑगस्ट १९६९ या काळात. आधी त्याच राज्यातल्या वॉलकिल गावची जागा ठरली होती; परंतु स्थानिकांच्या विरोधामुळे जेमतेम महिनाभर आधी ती हातची गेली, आणि पुढे जे घडले त्याचे मूळ या धावपळीत आहे. रंगमंच आणि कुंपण ही दोन्ही कामे वेळेत उरकणे शक्य नसल्याने आयोजकांनी रंगमंचाला प्राधान्य दिले. तीन दिवसांच्या १८ डॉलरच्या तिकिटांची आगाऊ विक्री १,८६,००० वर गेली होती, पण महोत्सव सुरू होण्यापूर्वीच हजारो लोक उतारावर पथाऱ्या पसरून बसले होते आणि तिकीट तपासायला धड दारही नव्हते. त्यामुळे विनामूल्य प्रवेशाच्या घोषणेत उदारतेपेक्षा नाइलाज अधिक होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरी उदारता दिसली ती इतरांची. चार लाखांच्या आसपास माणसे जमली आणि खाण्याचा साठा संपला, तेव्हा आसपासच्या गावकऱ्यांनी सँडविच करून पाठवली, हॉग फार्म या समूहाने लोकांना जेवू घातले, आणि काही जण पाणी विकत आहेत हे कळल्यावर यास्गर यांनी ‘पाणी मोफत’ अशी पाटीच लावली. त्यांच्या दुधावर बहिष्कार टाका, असे शेजारी सांगत असताना त्यांनी हे केले, म्हणून मला त्यांच्याविषयी विशेष आदर वाटतो.

रस्ते इतके तुंबले की अनेक कलाकारांना हेलिकॉप्टरने आणावे लागले. गायक रिची हेवन्स तेवढे तयार होते, म्हणून शुक्रवारी पहिला मान त्यांना मिळाला. बाकीचे पोहोचेपर्यंत त्यांनी बराच वेळ किल्ला लढवला आणि जवळची गाणी संपल्यावर एका जुन्या भक्तिगीताच्या आधाराने ‘फ्रीडम’ तिथल्या तिथे रचून गायले. त्याच रात्री पावसात पंडितजी वाजवायला बसले. तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ होते. १९६७च्या कॅलिफोर्नियातल्या माँटेरीच्या संगीत महोत्सवाबद्दल पंडितजी आपुलकीने बोलत, पण वुडस्टॉकचा अनुभव त्यांना रुचला नाही; तिथला चिखलात बसलेला जमाव पाहून आपल्याकडच्या डुंबणाऱ्या म्हशी आठवल्या, असे त्यांनी पुढे सांगितले. रियाज आणि एकाग्रता यांना आयुष्य वाहिलेल्या कलावंताची ही व्यथा मला पूर्ण समजते.
आपला स्नेहांकित, एक जुना सभासद

सप्रेम नमस्कार.
सविस्तर उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार. गिटारवादक जिमी हेंड्रिक्स यांचे वादन सोमवारी सकाळी का झाले, आणि आयोजकांचा तोटा कसा भरून निघाला, हेही कळावे.

सप्रेम नमस्कार.
रविवारी दुपारी जो कॉकर यांचे गाणे संपताच वादळ आले, कार्यक्रम काही तास खोळंबला, आणि आधीच रेंगाळलेले वेळापत्रक सोमवार सकाळपर्यंत लांबले. हेंड्रिक्स यांनी गिटारवर अमेरिकेचे राष्ट्रगीत छेडले, तेव्हा बहुतेक श्रोते परतीच्या वाटेला लागलेले होते. आयोजकांवर दहा लाख डॉलरहून अधिक कर्ज झाले होते. १९७० सालच्या माहितीपटाच्या आणि ध्वनिमुद्रिकांच्या उत्पन्नातून ते फिटायला दशकभराचा काळ जावा लागला.